चौदावा प्रश्न

३ जुलै

वहिनी, नमस्कार.

तब्येत बरी असेल असं धरून चालतो. मधे येऊन जायचं मनात होतं, पण ऑफिसातून सुटका नाही. फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून पत्र लिहितोय. हातात आलेला कागद तुम्ही वाचल्याशिवाय ठेवत नाही, एवढं मला माहीत आहे.

एकवीस तारखेला इमारती बघायला पाहुणे येताहेत. सहा शहरांचे अधिकारी, आणि वरून एक समिती. वस्ती उठवून पक्की घरं द्यायची ही आपली योजना त्यांना पटली, तर त्यांच्याकडेही तशीच होईल. आपली मागची गल्ली अजून जुन्या जागीच आहे, तिचंही काम मग मार्गी लागेल. खालच्या सभागृहात रहिवाशांपैकी एकाने बोलायचं आहे. साहेबांनी विचारलं, न अडखळता बोलणारं कोण आहे? मी तुमचं नाव दिलं.

सोबत कागद जोडलाय. तीन मिनिटांचं आहे. घरात नळ, घरात संडास, स्वतःचा मीटर, पावसाळ्यात पाणी शिरत नाही, इतकंच. यात खोटं काही नाही, तुमच्याकडून खोटं बोलवून घेण्याची माझी छाती नाही. दादाचा विषय काढायचा की नाही ते तुम्ही ठरवा. काढलात तर 'आजाराने गेले' एवढंच म्हणा. पाहुण्यांपुढे जास्त खोलात शिरायला नको.

खोली तुमच्या नावावर करायचा अर्ज माझ्या टेबलावर आहे. त्याची काळजी करू नका.

तुमचा धाकटा दीर


६ जुलै

धाकटे,

दिराचं पत्र आलंय. सर्वेक्षण खात्यातला माझा दीर, ज्याला तू 'कडक कॉलर' म्हणायचीस तो. मी सभेत उभं राहून इमारतीचं कौतुक करायचं, आणि तुझे दाजी 'आजाराने गेले' म्हणायचं, असं त्याचं म्हणणं आहे. ते वाक्य मी चार वेळा वाचलं. चारही वेळा तेच होतं.

ते गेले तेव्हा तुझा पाय प्लास्टरमध्ये होता. तू आली नव्हतीस आणि मीही नंतर नीट सांगितलं नाही. आता सांगते, म्हणजे मी पुढे काय करणार आहे ते तुला कळेल.

गल्लीच्या तोंडाशी आमचं इस्त्रीचं टेबल होतं, ते तू पाहिलंयस. समोरच्या सोसायट्यांची पंचवीस वर्षांची गिऱ्हाइकं. दोन वर्षांपूर्वी आम्हाला उचलून इथं शहराच्या टोकाला आणलं, पाचव्या मजल्यावर. इथं कोळसा पेटवायला बंदी. आणि विजेची इस्त्री घेतली तरी कपडे देणार कोण? इथं सगळे आपल्यासारखेच, अंगावरचे धुऊन वाळवून तेच घालणारे. म्हणून ते रोज दोन बस बदलून जुन्या जागी जायचे. टेबल तिथं झाडाला साखळीने बांधून ठेवता यायचं, पण इस्त्री ठेवली तर कोणीतरी उचलणार. म्हणून ती रोज खांद्यावरच्या पिशवीत. साडेसात किलो. इमारतीची लिफ्ट पहिल्या महिन्यात बंद पडली ती पडलीच.

दोन मार्चला संध्याकाळी सात वाजता ते तिसऱ्या मजल्याच्या वळणावर बसले. शेजारीण धावत वर आली तेव्हा मी भांडी घासत होते, हात तसेच ओले घेऊन खाली गेले. पिशवी त्यांनी मांडीवर घेतली होती, जिन्यावर ठेवली नव्हती. इस्त्री कधीच गार झाली होती. ते अजून कोमट होते.

आता पुढचं. मागच्या महिन्यात मी खोलीच्या कामासाठी ऑफिसात गेले. दीर रजेवर होता. कारकुनाने आमची फाईल स्वतःपुढे उघडी ठेवली आणि फोनवर बोलत बसला. तुला माहीत आहे मी वाचायला कशी शिकले. टेबलाच्या त्या टोकाला दीर शाळेचा अभ्यास करायचा, मधे ते इस्त्री फिरवायचे, आणि मी समोर उभी राहून कपड्यांवर पाणी शिंपडायची. त्याच्या पुस्तकातली अक्षरं मला सगळी उलटीच भेटली. सुलटं वाचायला नंतर दोन वर्षं लागली. तर मी त्या कारकुनासमोर बसून उघड्या फाईलमधला आमचा फॉर्म पहिल्या ओळीपासून वाचला.

सर्वेक्षणाच्या त्या फॉर्मवरचा चौदावा प्रश्न असा आहे : 'काम चालण्यासाठी सध्याच्या ठिकाणी रस्त्यालगतची जागा आवश्यक आहे का?' खालीच छापलंय, ज्यांचं उत्तर 'होय', त्यांना जुन्या जागीच गाळा आणि गाळ्याच्या मागे खोली. हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. कुलपं दुरुस्त करणारा तिथं राहिला, सायकलवाला राहिला, तो त्यांच्या नशिबाचा भाग असं मी धरून चालले होते. आमच्या फॉर्मवर 'नाही' लिहिलंय. अक्षर दिराचं. खाली सही त्याची. ज्या टेबलावर तो शिकला, त्या टेबलाला जागेची गरज नाही असं त्याने लिहून दिलं.

आमचा गाळा त्याने कोणाला दिला आणि का दिला, ते त्यालाच ठाऊक. मला ते ऐकायचंही नाही. एकवीस तारखेला मी त्याचा कागद अर्धा वाचणार आणि उरलेल्या वेळात त्याला सगळ्या शहरांसमोर उभा करणार. त्याने फक्त एक शब्द लिहिला होता. मीही तेवढाच वाचून दाखवीन.

तुझी ताई


१० जुलै

ताई,

तुझं पत्र वाचता वाचता मशीन चालवत होते, सुई मोडली आणि गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला भोक पडलं. पुढच्या वेळी असं काही लिहायचं असेल तर पाकिटावर सूचना लिहीत जा.

दाजींचं वाचून रडले. ते झालं. आता माझं ऐक.

एक, तुझ्या खोलीचा कागद त्या माणसाच्या टेबलावर पडलाय. तू त्याला भर सभेत सोलणार, आणि तो दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन तुझ्या अर्जावर सही करणार? तू राहणार कुठे, झाडाला बांधलेल्या टेबलावर?

दोन, तू इमारतीला शिव्या देणार असशील तर जपून दे. जुन्या गल्लीत पहाटे संडासाच्या रांगेत डबा घेऊन उभी असायचीस आणि मला लिहायचीस की या जन्मात दाराला आतून कडी असलेला संडास मिळाला तर मी अजून काही मागणार नाही. ती पत्रं माझ्याकडे आहेत.

तीन, त्याने 'नाही' का लिहिलं, हे तू त्याला एकदा तरी विचारलंस का? मी त्याची बाजू घेत नाही. तो माणूस मला कधीच आवडला नाही, उन्हाळ्यातसुद्धा गळ्यापर्यंत बटण लावतो. पण कापायच्या आधी माप घ्यावं. एवढंच.

पाय आता बरा आहे. पायडल मारताना कुरकुरतो, पण इथं कुरकुरत नाही असं आहे कोण.

धाकटी


१२ जुलै

भावजी,

पत्र मिळालं. मी बोलेन. कागद चांगला लिहिलाय, अक्षर अजून तसंच आहे, एकाही काना-मात्रेला हलवायला जागा नाही.

माझी एक विनंती आहे. सभागृहात बसण्याआधी पाहुण्यांना पाचव्या मजल्यावर माझी खोली दाखवायची आहे. नळ आणि संडास नुसता ऐकण्यापेक्षा पाहिलेला बरा. मीच त्यांना वर घेऊन जाईन.

आणि सहज विचारते. सर्वेक्षणाच्या वेळी आमचा फॉर्म कोणी भरला होता? तुमच्या दादांना लिहिता येत नव्हतं आणि मी त्या दिवशी कपडे पोचवायला गेले होते. माझ्या बोलण्यात फॉर्मचा उल्लेख आला तर चुकीचं नाव नको, म्हणून विचारलं.

वहिनी


१५ जुलै

वहिनी,

तुमचं पत्र वाचून मनावरचं ओझं उतरलं. तुम्ही माझ्यावर रागावलेल्या आहात असं गेले चार महिने वाटत होतं.

पाहुण्यांना जरूर वर न्या. साहेबांना कल्पना फार आवडली. तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून लिफ्टही वीस तारखेपर्यंत दुरुस्त होऊन चालू होईल, माणूस ठरलाय.

फॉर्म मीच भरला. खरं तर नात्यातल्या घराचा फॉर्म दुसऱ्याने भरायचा असतो, पण त्या दिवशी माणसं कमी होती. घरचं प्रकरण म्हणून उलट जास्तच काळजीने भरला, कोणाला बोट ठेवायला जागा राहू नये अशा बेताने. माझं नाव घ्यायची गरज नाही.

तुमचा धाकटा दीर


२४ जुलै

धाकटे,

माप घेतलं. त्याने स्वतःच्या हाताने लिहून पाठवलं की फॉर्म मीच भरला, आणि जास्त काळजीने भरला. त्यानंतर विचारण्यासारखं काही उरलं नाही.

आता एकवीस तारखेचं ऐक. लिफ्ट खरंच चालू झाली. दोन वर्षं आमच्या म्हाताऱ्या, गरोदर बायका, पाण्याच्या कॅनवाले जिन्यावर जीव टाकत होते, आणि पाहुणे यायचे म्हणून ती दोन दिवसांत सुरू झाली. आत आरसा पण लावलाय.

साहेब लिफ्टकडे वळले. मी म्हटलं, "आपण जिन्याने जाऊ."

"बाई, लिफ्ट चालू आहे ना?"

"कालपासून आहे. उद्याचं सांगता येत नाही. जिना कायमचा आहे, तो बघा."

पाहुण्यांमधे एक धडधाकट अधिकारी होता, हसतमुख. मी खाली आणलेली इस्त्रीची पिशवी त्याच्या खांद्याला अडकवली. तो म्हणाला, "यात काय आहे?" मी म्हटलं, "माझ्या नवऱ्याचं काम आहे. वरपर्यंत न्याल का?" एवढ्या लोकांसमोर तो नाही कसा म्हणणार. पहिल्या मजल्यापर्यंत त्याने गमतीच्या गोष्टी सांगितल्या. दुसऱ्या मजल्यावर गोष्टी संपल्या. तिसऱ्या वळणावर तो कठड्याला धरून थांबला आणि पिशवी खाली ठेवायला वाकला.

मी म्हटलं, "ठेवा. तुम्ही ठेवलीत तर चालेल. ते इथंच बसले होते."

खालच्या घरात कोणीतरी नळ सोडून बादली भरत होतं, तेवढा आवाज येत होता. दीर सगळ्यात मागे, दोन पायऱ्या खाली उभा होता. वर बघत नव्हता.

मी त्यांना खोली दाखवली, नळ सोडून दाखवला, संडासाची कडी लावून दाखवली. तुझ्याकडची माझी ती पत्रं आठवून दाखवली, हे तुझ्यासाठी लिहिते. मग खाली सभागृहात त्याचा कागद अर्धा वाचला आणि म्हटलं, "हे सगळं खरं आहे. यासाठी मी वीस वर्षं रांगेत उभी होते, म्हणून वाचलं. आता जे या कागदावर नाही ते सांगते." चौदावा प्रश्न मी तोंडपाठ म्हटला. आमच्या घराचं उत्तर सांगितलं. इस्त्री टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "या कामाला जागा लागत नाही, असं ज्याने लिहिलं तो याच कामावर वाढला. तो माझा दीर आहे. तो तिकडे भिंतीला टेकून उभा आहे."

सगळ्या माना एकदम वळल्या. मला बरं वाटलं. तुझ्याशी खोटं का बोलू? चार महिन्यांत पहिल्यांदा पोटात ऊब आली.

पण त्याने काय केलं ऐक. मला वाटलं होतं, तो हात चोळेल, नियम सांगेल, वहिनी दुःखात आहेत म्हणेल. मी प्रत्येकाचं उत्तर तयार ठेवलं होतं. तो एवढंच म्हणाला, "हो. मीच लिहिलं." आणि तसाच उभा राहिला. त्याचा शर्ट चुरगळलेला होता. ते होते तोवर त्याचे शर्ट दर शनिवारी आमच्याकडून जायचे. ते कुठून मधेच डोळ्यांसमोर आलं, आणि तयार ठेवलेलं सगळं माझ्या तोंडात राहिलं.

समितीने ठरवलंय की मागच्या गल्लीला आता हलवायचं नाही. आधी तिथल्या आणि इथल्या प्रत्येक घरात चौदावा प्रश्न पुन्हा विचारायचा, मग गाळे किती ते ठरवायचं. ऑफिस म्हणतं, त्यासाठी माणसं नाहीत, सहा-आठ महिने लागतील.

खोलीचं आता जे होईल ते होईल.

ताई


२ ऑगस्ट

वहिनी,

मला सर्वेक्षणातून काढून मृत्यूच्या नोंदींच्या खिडकीवर बसवलंय. दिवसभर लोक नातेवाइकांची नावं सांगतात आणि मी लिहितो. तक्रार नाही.

खोलीचा अर्ज मी अकरा जुलैला सही करून पुढे पाठवला होता. तुमच्या नावाचा कागद या महिन्यात मिळेल. त्याचा सभेशी संबंध नाही, आधीचाही नाही आणि नंतरचाही नाही.

तुम्हाला कारण ऐकायचं नसेल. तरी लिहितो, फाडायचं असेल तर इथूनच फाडा.

गाळे बारा होते. 'होय' म्हणता येईल अशी घरं एकसष्ट. साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले होते, तुझा सख्खा भाऊ यादीत आहे, त्याला गाळा गेला तर उरलेले एकोणपन्नास ओरडतील, आणि अख्खी यादी रद्द होईल. मी दोन दिवस जेवलो नाही. माझ्यावर कोणी बोट ठेवू नये, एवढंच डोक्यात होतं. गाळा मी कोणाला विकला नाही. मी फक्त आपल्या घराचं खरं उत्तर खोटं केलं, कारण ते घर आपलं होतं.

फॉर्म भरताना दादा टेबलाशीच होता. मी त्याला सगळं सांगितलं. तो हसला. म्हणाला, "टाक नाही. माझ्यामुळे तुझ्या कॉलरवर डाग नको." मी म्हणालो, पुढच्या फेरीत 'होय' करून घेऊ. ती फेरी झालीच नाही. निघताना त्याने बजावलं, "तुझ्या वहिनीला सांगू नकोस, ती तुला उभा चिरेल."

त्याचं खरं ठरलं. मला सभेत बोलायचं नव्हतं, कारण जे बोललो असतो त्याने दोष दादावर गेला असता.

माफी मागत नाही. मागायला तोंड नाही.

तुमचा धाकटा दीर


१० ऑगस्ट

भावजी,

पत्र फाडलं नाही. तीन दिवस ते इस्त्रीखाली ठेवलं होतं.

ते तसं म्हणाले असतील. आवाजासकट मला ऐकू आलं. दोन दिवस मी त्यांच्या फोटोशी बोलले नाही. एका घरात राहून, एका ताटात जेवून, त्यांनी हे पोटात ठेवलं आणि रोज साडेसात किलो खांद्यावर घेऊन जिना चढत राहिले, आणि मला म्हणायचे, व्यायाम होतो. त्यांच्याशी मी माझं मी बघेन.

पण तुम्ही त्यांच्या मागे लपू नका. तुमच्या दादांना सगळ्यांपुढे वाकायची सवय होती, टेबलावर वाकून पाठच तशी झाली होती. तुमची पाठ सरळ होती. ती त्यांनी सरळ ठेवली होती, पंचवीस वर्षं. ते 'टाक नाही' म्हणाले, म्हणून तुम्ही टाकलंत? ते तर तुम्ही जीव मागितला असता तरी 'घे' म्हणाले असते. तोच घेतलात. लाच घेणाऱ्याला निदान कळतं आपण चोर आहोत. तुम्हाला प्रामाणिक दिसायचं होतं, आणि त्या हौसेपायी तुम्ही खरं उत्तर लिहायला भ्यालात.

मी तुम्हाला माफ केलेलं नाही. माझी धाकटी बहीण म्हणते, आता पुरे. मला अजून पुरे झालेलं नाही. म्हणून नीट वाचा.

तुमचं ऑफिस म्हणतं, चौदावा प्रश्न पुन्हा विचारायला माणसं नाहीत. दोन माणसं आहेत. मी साहेबांना भेटून आले, दर रविवारी आपण दोघांनी विचारलेलं ते धरायला तयार आहेत. सही तुमची लागेल. आधी या इमारतींमधली तीनशे चाळीस घरं, मग मागची गल्ली. विणकाम करणारी, चपला शिवणारा, भांड्यांची भोकं डाग देऊन बुजवणारा, सगळे. कोणाला बस परवडते, कोणाचं काम बंद पडलं, कोण इथं खरंच सुखी आहे, तेही लिहायचं. सुखी असलेलेही आहेत, त्यांचं 'नाही' खरं असेल तर 'नाही'च लिहायचं.

मला गाळा देऊ नका. दिलात तर बोट ठेवणारी पहिली मी असेन.

इस्त्री तुमच्या खांद्यावर असेल. प्रत्येक मजल्यावर. लिफ्ट परवा पुन्हा बंद पडली, आणि चालू झाली तरी तुमच्यासाठी ती बंद आहे. तिसऱ्या वळणावर थांबायचं नाही. मला थांबायचं असेल तर मी थांबेन, तुम्ही पुढे जाऊन वरच्या पायरीवर उभं राहा आणि मागे वळून बघू नका.

येताना शर्ट घेऊन या, चुरगळलेले. माझ्या दारात तुम्ही असे आलेले त्यांना चालणार नाही. विजेची इस्त्री आहे माझ्याकडे.

येत्या रविवारी सकाळी आठ वाजता, बी इमारतीच्या पहिल्या दारापासून सुरुवात. फॉर्म तुम्ही भरायचा. मी टेबलाच्या पलीकडे, तुमच्या समोर बसेन. तुम्ही काय लिहिता ते मला तिथूनच वाचता येतं.

वहिनी